पदर आला की थांबायचं

“माय, आज तुले दवाखान्यात चुकायचं आहे.”

चुलीपुढे चहाची कपबशी घेऊन बसलेल्या पुष्पलतानं हे इतक्या सहज सांगितलं, की भाकर थापणारे भागीरथाचे हात परातीत जागच्या जागी थांबले.

“चुकायचं म्हंजे?”

“गेटातून आत यायचं. डोळ्याच्या डॉक्टरची खोली हुडकायची. कोनाले काही इचारायचं नाही. मी तिथं खोलीपाशी उभी राहीन.”

“आन् सापडली तं?”

“सापडली तं बेस आहे. नाही सापडली तं आनखी बेस.”

भागीरथानं भाकर तव्यावर टाकली आणि धुराचं निमित्त करून डोळ्यांना पदर लावला. लेक शिकली की तिचं निम्मं बोलणं आईला कळत नाही, हे तिनं केव्हाच मान्य केलं होतं. पण वाट चुकलेल्या माणसाला पाहून खूश होणारी मुलगी आपल्याच पोटी कशी आली, हे कोडं मात्र तिला इतक्या वर्षांत सुटलं नव्हतं.

लकडगंजच्या बाजूला एक नवं धर्मादाय हॉस्पिटल उभं राहत होतं. त्याच्या आतल्या भिंती दिवाळीपासून पुष्पलता रंगवत होती. भिंती म्हणजे नुसत्या भिंती नव्हेत. कुठली खोली कुठं, हे माणसाला भिंतीनंच सांगायचं, असं काहीतरी तिचं होतं. उद्या हॉस्पिटलचे विश्वस्त गोपाळराव ते पाहायला येणार होते. त्यांनी अट आधीच सांगून ठेवली होती. बाजारातून अक्षर न येणाऱ्या काही बाया आणायच्या, त्यांना एकेक खोली सांगायची आणि सोडून द्यायचं. पोचल्या तर भिंती राहतील. भरकटल्या तर सगळ्यावर चुना फिरेल आणि इतर ठिकाणी असतात तशा पाट्या लागतील. चुन्याच्या पिशव्या जिन्याखाली येऊन पडल्याही होत्या.

“मग मले आज काहून नेऊन राहिली?” भागीरथा म्हणाली. “मी तं इतवारीत माह्या सावलीले चुकते. माह्यावरून परीक्षा घेशील तं नापासच होशील.”

“म्हनूनच तं,” पुष्पलता म्हणाली आणि उरलेला चहा एका घोटात पिऊन उठली.

पुष्पलता लहान होती तेव्हा टिमकीतल्या त्यांच्या गल्लीत घरोघरी माग चालत. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, दोरी ओढायची, धोटा इकडून तिकडे पळायचा. भागीरथाचा नवरा धोंडबा करवतकाठी लुगडी विणायचा. त्याच्या काठाचे दात एकसारखे, जणू सुतारानं कानस लावून केलेले. भागीरथा धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरायची. अक्षर दोघांनाही येत नव्हतं. घरात वाचता येणारी एकटी पुष्पा, आणि तिला वाचायला घरात काही नाही, म्हणून ती रस्त्यावरच्या पाट्या वाचायची. सायकलच्या दुकानाची, दातांच्या दवाखान्याची, ‘येथे थुंकू नये’ची. आईचं बोट धरून चालता चालता ती मोठ्यानं वाचत जायची आणि भागीरथाला वाटायचं, आपल्या हातात कंदील आहे.

पुष्पा चौथीत असताना एकदा धोटा उडाला आणि धोंडबाच्या डाव्या डोळ्यावर बसला. तिघं लगबगीनं एका मोठ्या दवाखान्यात गेली. आवारात कितीतरी वाटा, कितीतरी पाट्या. पुष्पानं एक पाटी खड्या आवाजात वाचली, “बाह्यरुग्ण विभाग.”

“म्हंजे काय गा?” भागीरथानं नवऱ्याला विचारलं. तो डोळ्यावर फडकं दाबून होता. तो काय सांगणार. मग तिनंच पुष्पाला विचारलं आणि पुष्पानं शाळेत शिकल्याप्रमाणे फोड करून सांगितली, बाह्य म्हणजे बाहेरचा, रुग्ण म्हणजे आजारी.

बाहेरचे आजारी. भागीरथानं मनाशी हिशेब केला. बाहेरचे म्हणजे बाहेरगावचे. उमरेडचे, भिवापूरचे, बैलगाडीनं आलेले. आपण तर टिमकीचे, गावातले. त्या ओळीत शिरलं तर कोणी हाकलून देईल. म्हणून गावातल्यांची ओळ कुठं लागते ते शोधत ती तिघं व्हरांड्यात बसून राहिली. समोरून डॉक्टर गेले, नर्स गेल्या, झाडूवाला दोनदा पाय उचलायला सांगून गेला. दुपारी खिडक्या बंद झाल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी धोंडबाची पापणी वर करून पाहिलं आणि हात धुतले.

धोंडबाचा एक डोळा गेला. त्यावरून घरात कधी कोणी कोणाला बोललं नाही. भागीरथानं मात्र मनात गाठ मारून घेतली की चूक आपली. ज्याला वाचता येत नाही त्यानं अर्थ लावू नये. पुष्पानं कुठली गाठ मारली ते कळायला बरीच वर्षं जावी लागली. एवढंच दिसत होतं, की त्या दिवसापासून ती पाट्या मोठ्यानं वाचेनाशी झाली. पाटीसमोर उभी राहायची, आणि पाटीकडे पाहायच्या ऐवजी पाटी वाचणाऱ्या माणसाकडे पाहायची.

मॅट्रिक झाली, चित्रकलेच्या परीक्षा झाल्या. शाळेत ड्रॉइंग मास्तरीण होईल, असं भागीरथानं नात्यात सांगून ठेवलं होतं. पुष्पलता जाऊन बसली ती इतवारीतल्या बाबनराव पेंटरच्या दुकानात. ब्रश धरून दुकानाची नावं रंगवणारी मुलगी तोवर कोणी पाहिली नव्हती. शेजारची कांताबाई तर रोज नवं काही आणायची.

“तुही पोरगी शिडीवर चढते वं भागीरथा. खालून बाजार जाते.”

“चढू दे. तुह्या घरच्या शिडीवर तं नाही ना चढली?” भागीरथा वरून असं म्हणायची आणि कांताबाईची पाठ वळली की इतवारीच्या रस्त्याकडे पाहत राहायची.

बाबनराव चांगला माणूस होता. त्यानं तिला अक्षर शिकवलं, रंग किती पातळ करायचा ते शिकवलं, आणि जुन्या एक्सरेच्या फिल्मवर ब्लेडनं आकार कापून त्यातून रंग मारला की नक्षी कशी एकसारखी उमटते, तेही शिकवलं. महालातल्या वाचनालयातून तिनं अक्षरांवरचं एक जाड इंग्रजी पुस्तक आणलं आणि मांडीवर शब्दकोश ठेवून शेवटपर्यंत वाचलं. पण तिला जे हवं होतं ते त्या पुस्तकात थोडंच होतं. अनोळखी जागेत पाऊल टाकणाऱ्या माणसाला आपोआप वाट कशी दिसेल, हे शिकवणारं कॉलेज नागपुरात नव्हतं. विषयाला नावसुद्धा नव्हतं.

मग कांताबाईनं एक दिवस शेवटचा घाव घातला. “तुही पोरगी टेसनावर बसते म्हने. दर आयतवारी. कोनाची वाट पाहून राहिली?”

भागीरथा आठवडाभर लेकीकडे चोरून पाहत राहिली. पुढच्या रविवारी ती लेकीच्या मागोमाग स्टेशनवर गेली आणि चहाच्या टपरीआड डोक्यावरून पदर ओढून बसली. पुष्पलता चौकशीच्या खिडकीशेजारच्या बाकावर बसली होती. हातात पुस्तक नाही, डबा नाही. एकटीच. भागीरथा वाट पाहत राहिली, आता येईल तो, आता येईल. कोणीच आलं नाही. शेवटी तीच उठून लेकीपुढे उभी राहिली.

“कोनासाठी बसली वं?”

पुष्पलता दचकली नाही. तिनं सरकून आईला जागा दिली. “थो पागोटेवाला पाह्य,” ती हळूच म्हणाली. “आता त्या खांबापाशी थांबते का नाही पाह्य.”

पागोटेवाला खरंच खांबापाशी थांबला, वर पाहिलं, मागं पाहिलं आणि हमालाला काहीतरी विचारू लागला.

“आता थे गठुडेवाली येऊन राहिली. थेही तिथंच थांबन.”

तीही थांबली.

“सारेच तिथं थांबतेत, माय. म्हंजे तिथं काहीतरी खोटं आहे.”

“कोन खोटं बोललं?”

“जागा,” पुष्पलता म्हणाली.

भागीरथा त्या बाकावर बसून राहिली. समोरून सगळं हिंदुस्थान जात होतं, मद्रासकडचं, कलकत्त्याकडचं, मुंबईकडचं. आणि आपली लेक प्रत्येकाचं पाऊल कुठं अडणार ते त्याच्याआधी ओळखत होती. देवळात एखाद्या बाईच्या अंगात येतं तेव्हा भागीरथा जशी हात जोडून मागं सरकायची, तसं तिला वाटलं. इथं हात जोडायची सोय नव्हती, म्हणून तिनं पिशवीतून संत्रं काढलं आणि सोलून फोडी लेकीच्या हातावर ठेवल्या.

धर्मादाय हॉस्पिटलच्या पाट्यांचं काम बाबनरावच्या दुकानात आलं तेव्हा पुष्पलता गोपाळरावांना जाऊन भेटली आणि म्हणाली, की पाट्यांआधी मला भिंती द्या. गोपाळराव बाजारात मुरलेले, पण ऐकून घेणारे गृहस्थ. “पाटी वाचता येत नाही अशी माणसंच आपल्याकडे जास्त येणार,” हे तिचं म्हणणं त्यांना पटलं. त्यांनी एक मजला देऊन पाहिला.

पहिला प्रयत्न बाणांचा होता. मोठाले लाल बाण, प्रत्येक वळणावर. पुष्पलतानं कांताबाईलाच बोलावून आणलं आणि सोडलं. ‘सरळ पुढं जा’ असं सांगणारा बाण भिंतीवर होता, म्हणजे अर्थातच त्याचं टोक वर होतं. कांताबाई जिना शोधून वर गेली. जिन्याच्या वळणावर तसाच बाण, ती आणखी वर गेली. शेवटी गच्चीवर पोचली आणि गवंड्यांच्या वाळत टाकलेल्या धोतरांतून खाली ओरडली, “पुष्पे, आता देवाच्या घरी जाऊ का उतरू?”

गल्लीत ही गोष्ट खूप दिवस पुरली. पुष्पलतानं त्याच दिवशी सगळे बाण पुसले.

बाण नाही तर काय, हेच ती जेवताना, चालताना घोळवू लागली. एका सकाळी उंबऱ्यात कोणी वाटसरू येऊन गोळीबार चौकाचा रस्ता विचारू लागला. धोंडबा ओट्यावर विड्या वळत बसला होता. माग सुटल्यापासून त्याचं तेच काम. त्यानं मान वर न करता सांगितलं, “हा नाला दिसते ना? त्याच्या काठाकाठानं जा गा. काठ सोडू नको, आपोआप पोचशील.”

पुष्पलताच्या हातातला घास हातातच राहिला.

“बाबा, काय म्हनलं तुमी?”

“काय म्हनलं? काठाकाठानं जा म्हनलं.”

ती उठली ती उष्ट्या हातानंच मागच्या खोलीत गेली. तिथं जुन्या पेटीत धोंडबानं विणलेल्या लुगड्यांचे नमुन्याचे तुकडे होते. करवत, रुईफूल, रुद्राक्ष, असे काठांचे प्रकार. ते तिनं जमिनीवर एकापुढे एक लांबच लांब मांडले, खोलीभर, आणि त्यांच्याकडे बघत उभी राहिली. दारात भागीरथा उभी होती. तिला वाटलं, पोरीला ताप भरला.

त्यानंतर भिंतींवर काठ उमटू लागले. बाईमाणसाचा हात टेकतो त्या उंचीवर, गेटापासून खोलीपर्यंत न तुटता जाणारी नक्षी. डोळ्यांच्या खोलीकडे रुद्राक्षाचा काठ, कारण मणी डोळ्यासारखा गोल. लेकरांकडे रुईफूल. बाळंतपणाच्या खोल्यांकडे करवतकाठ, कारण लग्नात नवरीला त्याच काठाचं लुगडं नेसवतात.

“दवाखान्यात करवत?” कांताबाई म्हणाली होती. “बाई तिथूनच माघारी पळन. तिले वाटन, कापायले नेऊन राहिले.”

“वाचनारीले वाटन, मावशी. पाहनारीले लुगडं आठवन,” पुष्पलता म्हणाली होती.

गोपाळराव मात्र पहिल्यांदा भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आले होते. मग म्हणाले होते, “पोरी, दिसतंय सुरेख. पण हे हॉस्पिटल आहे, लुगड्यांचं दुकान नाही. मला सुरेख नको, पोचवणारं हवं. पोचवतं का ते बघू.” आणि तेव्हाच ती बायांची अट घातली होती.

चुलीपुढच्या त्या बोलण्यानंतर दुपारी भागीरथा पदर सावरत गेटातून आत शिरली. आत अजून खाटा आलेल्या नव्हत्या. चुन्याचा आणि तेलरंगाचा वास होता. गेटापाशीच तिन्ही काठ भिंतीवर सुरू होत होते. तिनं लेकीनं सांगितलेला रुद्राक्ष ओळखला, त्यावर हात ठेवला आणि चालू लागली.

काठ पुढं सरकत होता तशी ती सरकत होती. करवत एका वळणावर वेगळा झाला. ती रुद्राक्षाबरोबर राहिली. रुईफूल डावीकडे गेलं, तिला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. हळूहळू तिचं पाऊल मोकळं पडू लागलं. तिला लहानपणचं आठवलं, जत्रेत आईच्या लुगड्याचा काठ मुठीत धरला की गर्दी कितीही असली तरी भ्यायचं कारण नसायचं. ही भिंत तशी होती. तिला पहिल्यांदाच एखादी सरकारदरबारासारखी मोठी इमारत आपल्या ओळखीची वाटली. आणि ही ओळख आपल्या लेकीनं करून दिली होती.

मग एका कोपऱ्यावर ती थांबली.

पुढं दार नव्हतं. होती नुसती भिंत आणि एक रांजण. तिनं आजूबाजूला पाहिलं. कोणी नव्हतं. मग ती रांजणाशेजारी भिंतीला टेकून खाली बसली, हात मांडीवर ठेवून. बराच वेळ गेला. डॉक्टरची खोली उघडेल, कोणीतरी हाक मारेल, म्हणून ती बसूनच राहिली.

पावलं वाजली. पुष्पलता कोपऱ्यावर आली आणि आईला तशी बसलेली पाहून जागीच थांबली. मागं एकदा एका व्हरांड्यात भागीरथा अशीच बसली होती. दोघींनाही ते एकदमच आठवलं.

भागीरथा गडबडून उठू लागली. “चुकली का वं मी? मी म्हनलंच होतं, मले नको पाठवू. आता उद्या त्या बायाही चुकतीन. माह्या पायानं तुही भिंत बुडाली.”

“थांब,” पुष्पलता म्हणाली. “उठू नको. इथं काहून बसली थे सांग.”

“आता काय सांगू? पदर आला ना.”

“कुठी पदर?”

भागीरथानं भिंतीकडे बोट केलं. तिथं आधी बांधलेली भिंत आणि नंतर बांधलेली भिंत एकमेकींना जुळत होत्या. जोड वाईट दिसत होता, म्हणून पुष्पलतानं तो झाकायला त्यावर आडवे पट्टे ओढले होते. एक जाड, दोन बारीक, पुन्हा एक जाड. काठ त्यांना येऊन भिडत होता आणि त्यांच्यापलीकडून पुढं जात होता.

“पट्टे आले म्हंजे पदर आला,” भागीरथा म्हणाली. “पदर आला म्हंजे लुगडं सरलं. मंग त्याच्या पुढं काय जायचं? म्हनून थांबली.”

पुष्पलता भिंतीकडे पाहत राहिली. मग आईकडे. मग पुन्हा भिंतीकडे. भागीरथाला वाटलं, आता ही रडणार. पण ती आईशेजारी धपकन खाली बसली आणि हसायला लागली. रंगाच्या हातांनी तिनं तोंड झाकलं, गालावर रुद्राक्षी रंगाची बोटं उमटली, तरी तिचं हसू थांबेना.

“माय, मी कोष्ट्याची पोरगी,” ती म्हणाली. “काठ काढला आन् पदर काढायले विसरली.”

“पन चुकली तं मीच ना.”

“तू नाही चुकली. तू बराबर वाचलं. भिंतीवर खोटं लिहेलं होतं.” मग जरा थांबून, खाली पाहत ती म्हणाली, “त्या दिवशीही तू बराबरच वाचलं होतं, माय. बाहेरचे म्हंजे बाहेरचेच.”

भागीरथाच्या मनातली जुनी गाठ इतकी घट्ट बसली होती, की सुटते आहे हे कळायलाही तिला वेळ लागला. रांजणातलं पाणी घेऊन तिनं लेकीच्या गालावरचा रंग पुसायचा प्रयत्न केला. तो आणखीच पसरला.

मग मात्र घाई झाली. टर्पेंटाइनच्या फडक्यानं जोडावरचे पट्टे पुसले, तिथून काठ सलग नेला. प्रत्येक खोलीच्या दाराशी पदर काढायचा होता. पुष्पलता घरी जाऊन धोंडबाला घेऊन आली. तो भिंतीपासून लांब उभा राहिला, मान तिरकी करून एका डोळ्यानं पाहिलं आणि म्हणाला, “पदर रुंद घे. मानसाची छाती भरली पाहिजे. काठ नुसता चालते, पदर बोलते.” भागीरथानं जाडबारीक पट्ट्यांचा क्रम सांगितला, आणि लेकीनं तो जसाच्या तसा ओढला. दिवेलागणीला शेवटचा पदर पुरा झाला तेव्हा बाप-लेक एकमेकांना न सांगता भिंतीच्या दोन टोकांना जाऊन, डोळे बारीक करून, एकाच तऱ्हेनं उभे होते. भागीरथाला वाटलं, हिनं माग सोडला असं लोक म्हणतात, पण हिनं तर मागच केवढा मोठा केला.

दुसऱ्या दिवशी गोपाळरावांबरोबर आणखी दोन विश्वस्त आले. बाया मिरचीबाजारातून आणलेल्या होत्या, लाकडाच्या आरागिरणीवरच्याही होत्या. त्या खोकत होत्या, हसत होत्या, एकमेकींना ढकलत होत्या. चौकीदाराला एकच वाक्य पढवलं होतं. प्रत्येकीला तिची खोली सांगायची, तिचा काठ दाखवायचा आणि म्हणायचं, “हा काठ धरा. पदर आला की थांबा.”

एकेक बाई आत जाऊ लागली. पदराशी पुष्पलता नव्हती. कोणीच ओळखीचं नको म्हणून गोपाळरावांचीच माणसं उभी होती. भागीरथा कोपऱ्यावर रांजणापाशी होती. तिला तिथं पाणी पाजायच्या निमित्तानं बसवलं होतं, आणि तिनं बोलायचं नाही, अशी ताकीद होती.

पहिली बाई हात टेकत आली आणि पुढं निघून गेली. दुसरी गेली. मग अंजनाबाई नावाची म्हातारी आली, आरागिरणीवर भुसा भरणारी, कंबरेत वाकलेली. ती कोपऱ्यावर आली आणि नेमकी कालच्या जोडापाशी थांबली. गोपाळराव लांबून पाहत होते, त्यांनी चष्मा वर केला. भागीरथाच्या तोंडाशी शब्द आला होता, ‘पुढं जा वं माय’. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला. म्हातारीनं कमरेची पुरचुंडी काढली, तंबाखू चोळली, चिमूट गालात ठेवली. मग भिंतीवर पुन्हा हात ठेवला. तिचा काळा, सालपटलेला हात जोडावरून सरकला, मणी मणी पुढं गेला आणि वळणाआड दिसेनासा झाला.

थोड्या वेळानं पलीकडून तिचा आवाज आला, कोणाला तरी दरडावणारा. “पदर तं आला. आता डॉक्टर कुठी आहे?”

ते दोघे विश्वस्त हसले. गोपाळराव हसले नाहीत. ते त्या काठाच्या बाजूनं स्वतः चालत गेले, डोळे मिटून, हात भिंतीवर ठेवून, आणि पदराशी जाऊन थांबले. परत आले तेव्हा त्यांनी गवंड्याला हाक मारली. “जिन्याखालच्या चुन्याच्या पिशव्या उचल. मागच्या कंपाउंडाला वापर.”

एवढंच. पुष्पलतानं मान हलवली आणि ब्रश धुवायला नळाकडे गेली. भागीरथा नळापर्यंत तिच्या मागोमाग गेली. तिनं लेकीसाठी नळ सोडून धरला.

पुढं पुष्पलतानं इतर ठिकाणीही भिंती रंगवल्या. कुठं बसस्टँड, कुठं शाळा. तिच्या म्हणून कोणी त्या ओळखल्या नाहीत, आणि तिनंही कुठं नाव घातलं नाही. गल्लीतले माग एकेक बंद होत गेले. धोंडबा गेला.

बऱ्याच वर्षांनी एकदा भागीरथा बहिणीकडून उमरेडच्या बसनं परत येत होती. हुडकेश्वरपाशी एक तरणी बाई चढली. कडेवर तापानं लाल झालेलं लेकरू, डोळे भेदरलेले. तिला पहिल्यांदाच नागपुरात दवाखान्यात जायचं होतं. शेजारी बसलेली भाजीवाली तिला समजावत होती.

“भ्याचं काही काम नाही. गेटावर सांग, लेकराले दाखवाचं आहे. मंग रुईफुलाच्या काठाकाठानं जा. पदर आला का थांब.”

“आन् चुकली तं? कोनाले इचारू?”

“कोनाले नाही. थे भिंतच नेते. मलेही कोनी असंच सांगतलं होतं.”

भागीरथा मागच्या सीटवर होती. तिच्या ओठांवर आलं होतं, थे माह्या लेकीचं काम आहे, आन् पदर मी सांगतला. खिडकीचा गज तिनं घट्ट धरला. ती बाई ओठांतल्या ओठांत घोकत होती, रुईफूल, काठ, पदर. रुईफूल, काठ, पदर.

भागीरथा काही बोलली नाही. बोलली असती तर त्या बाईला आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागली असती.